तात्यांचं ‘आमी’

आमच्या शेजारचे तात्या एमआयडीसीत वेल्डर. कामगारांचे पुढारी, पक्के समाजवादी, दोनदा पंचायत समितीवर निवडून आलेले. तरी सकाळी हँडलला डबा अडकवून मोटरसायकलवर कामाला जायचेच. त्यांच्या तोंडी ‘मी’ म्हणून नसायचा. गेटवरचं भाषण असो की दारातला चहा, सगळं ‘आमी’. मला ते जरा ढोंगच वाटायचं. एकदा नाक पुसत म्हणाले, “आमाला सर्दी झालीय, ताई.”

“अख्ख्या युनियनला?”

“व्हय की! एक शिंकला की समद्यास्नी लागतंय.”

यंदाच्या निवडणुकीत ते पडले. संध्याकाळी त्यांच्या अंगणात कामगार मान खाली घालून बसले होते. प्रचार सांभाळणारा रडवेला होऊन म्हणाला, “तात्या, आमी कमी पडलो.”

तात्या त्याच्यावर खेकसलेच. “आमी न्हाय! मी पडलो. तुमी झिजलाय माझ्यापायी.”

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ‘मी’ ऐकला तो तेवढाच.

सकाळी नेहमीच्या वेळी मोटरसायकल सुरू झाली. मी दारातून विचारलं, “निघालात, तात्या?”

“व्हय. आमी निघालो.”

गाडीवर ते एकटेच होते.