भिंतीत चिणलेला फ्रीज

आमच्या नाटक कंपनीत वादळ निकानोर आणायचा. विंगेत पत्र्याचा एक लांबरुंद तुकडा टांगलेला असे आणि त्याच्यासमोर उघड्या अंगाचा निकानोर. नाटकात कोणाचं जहाज बुडायचं असलं की तो त्या पत्र्यावर मुठींनी तुटून पडायचा. मारण्याआधी त्याचा उजवा खांदा किंचित खाली जायचा. मी रंगमंचावरून त्या खांद्याकडे बघून माझी किंकाळी सुरू करायचे. पहिल्या रांगेतल्या बायका कानांवर हात ठेवायच्या. प्रयोग संपला की त्याच्या बोटांच्या पेरांवरचं रक्त मिर्ता पुसायची. मिर्ता त्याची बायको, आमची शिंपीण. माझे सगळे झगे तिनेच शिवले. मी आयुष्यभर जी काही देखणी दिसले, ती तिच्या सुईमुळे.

पत्र्यावर मारून उरलेला राग निकानोर माणसांवर काढायचा. आमच्या गावाचं नाव मातान्सास, म्हणजे आमच्या भाषेत कत्तली. असल्या नावाच्या गावात मारामारीचं कोणाला काय वाटणार? पण निकानोरची तऱ्हा निराळी होती. तो शिव्या देत नसे, बाह्या सरसावत नसे. बोलता बोलता समोरचा माणूस आडवा झालेला दिसे. आमच्या देखण्या नायकाने एकदा मिर्ताच्या कमरेवर हात ठेवला. दुसऱ्या अंकात नायक जबड्याला फडकं बांधून उभा होता आणि त्याची प्रेमाची भाषणं मीच म्हणत होते. पुढे बंदरावर निकानोरने एका हमालाचा डोळा फोडला आणि तो तुरुंगात गेला.

सुटून आला तेव्हा मिर्ताने दार उघडलं नाही. मी समोरच्याच घरात राहते, त्यामुळे सगळं ऐकलं. ती खिडकीच्या गजांमागून म्हणाली, "यापुढे माणसावर हात उगारशील?"

"नाही."

"कोणीही असो, काहीही होवो?"

"नाही म्हटलं ना."

"उगारलास तर मी कामागुए शहरात बहिणीकडे निघून जाईन. मग माझ्या मागे येऊ नकोस, आलास तर उपाशी परत जाशील." मग तिने कडी काढली.

मिर्ता पोकळ धमक्या देणारी बाई नव्हती. निकानोरलाही ते ठाऊक होतं.

तुरुंगाच्या कारखान्यात तो फ्रीज दुरुस्त करायला शिकला होता. आमच्याकडचे फ्रीज क्रांतीच्या आधीचे, अमेरिकी, गोल खांद्यांचे. नवे मिळत नसत, म्हणून जुन्यांना कोणी मरू देत नसे. बाकीचे कारागीर जाम झालेला कॉम्प्रेसर करवतीने कापून उघडत. निकानोर आधी त्याला मारायचा. कॉम्प्रेसर म्हणजे पाठीमागे खाली बसवलेला काळा लोखंडी घुमट. आतला दट्ट्या अडकला की मोटर नुसती घुमते आणि टक् करून गप्प होते. निकानोर तारा उलट्यासुलट्या करून जोडायचा. मधे कपॅसिटर बसवायचा. हा कपॅसिटर म्हणजे मोटरीला सुरुवातीलाच जोराचा झटका देणारा डबा. तो झटका आत पोचेल त्याच क्षणी घुमटाच्या कुशीत पेरूच्या लाकडाचा हातोडा हाणायचा. मोटर एकदा उलटी हिसकायची, एकदा सुलटी. दहातले सहा जागे व्हायचे.

"जरा हळू मार रे," मी एकदा म्हणाले.

"समजावून पाहिलं," तो म्हणाला. "ऐकत नाही."

आमच्या गल्लीत गोयो आणि बेनितो हे दोघे सख्खे भाऊ राहत. आई गेल्यावर त्यांनी घराची वाटणी केली. वाटणीत कोयते निघाले आणि गोयोच्या कानाची पाळी गेली. घराच्या मधोमध भिंत आली. आईचा फ्रीज मात्र कोणी सोडेना. अर्धा म्हणजे अर्धा, असं म्हणत त्यांनी तो भिंतीतच चिणला. दार गोयोच्या स्वयंपाकघरात, पाठ बेनितोच्या झोपायच्या खोलीत. वीज गोयोच्या मीटरची, आणि अर्ध्या वाट्याच्या बदल्यात बेनितोला रोज बर्फाचा एक ट्रे. पहिल्याच उन्हाळ्यात ट्रे बंद झाला. धग काही बंद झाली नाही. फ्रीज एका भावाला थंड करायचा आणि दुसऱ्याला रात्रभर भाजायचा.

ती वर्षं वाईट होती. वीज असायची कमी, जायची जास्त. मांस बघायला मिळत नसे. तशात गोयोच्या मुलीला पंधरावं वर्ष लागणार होतं. आमच्याकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा करतात. गोयोने न्हाणीघरात चोरून एक डुक्कर पोसलं होतं. ते मारायला मात्र बेनितोला बोलवावं लागलं, कारण गल्लीत सुरा नेमका काळजात घालणारा तो एकटाच. डोकं आणि एक तंगडी बेनितोची, असं ठरलं. सकाळी डुकराची किंकाळी सगळ्या गल्लीने ऐकली. मी किंकाळ्यांतली जाणकार बाई, पण तसली मला कधी जमली नाही.

मांस फ्रीजमध्ये गेलं. दुपारी वीज गेली, परत आली, आणि फ्रीज नुसता घुमून टक् करून थांबला. निकानोरला बोलावणं आलं. चरबीचा एखादा तुकडा मिळेल म्हणून मीही मागोमाग गेले.

निकानोर बेनितोच्या खोलीत गुडघ्यांवर बसला. पलीकडे स्वयंपाकघरात गोयोची बायको सेनाईदा बटणापाशी होती. निकानोरने भिंतीतून ओरडून सांगितलं, "इकडून ठोका ऐकू आला की त्याच क्षणी बटण दाबायचं. दुसऱ्या कशासाठीही नाही."

"आणि देवाने हाक मारली तर?"

"त्याला थांबायला सांग."

ठोका, झटका, घरघर, टक्. त्याने तारा बदलून पुन्हा हाणलं. पुन्हा टक्. त्याने घुमटाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मागच्या जाळीवर करपलेला कापूस चिकटला होता. निकानोरने खाटेखाली पाहिलं. तिथे अर्धवट जळलेली एक गादी कोंबलेली होती. बेनितोने फ्रीजच्या पाठीला गादी लावून धग अडवली होती. कॉम्प्रेसर श्वास कोंडून तापला होता आणि जाम झाला होता.

"पाठ भाजते रे रात्री," बेनितो कुजबुजला. "तीन वर्षं झाली."

"गप्प बस," निकानोर तितक्याच हळू म्हणाला आणि पायाने गादी आणखी आत ढकलली.

पण गोयो रस्त्यावरच्या खिडकीशी उभा होता. भावाच्या घरात पाऊल टाकणार नाही अशी त्याची शपथ होती, म्हणून तो गजांतून बघत होता. त्याने गादी पाहिली. तो खिडकीतून नाहीसा झाला आणि दारातून आला, हातात ऊसतोडीचा कोयता.

"माझ्या लेकीचं मांस कुजवलंस."

"डुक्कर मी मारलंय," बेनितो सुरा उचलत म्हणाला. "तुझ्या हातून कोंबडी तरी मरते का?"

पहिला वार मच्छरदाणी फाडत बेनितोच्या खांद्यात उतरला. बेनितोचा सुरा गोयोच्या पोटावरून सदरा आणि कातडं चिरत गेला. पाण्याचा माठ फुटला. दोघे एकमेकांना केसांनी धरून भिंतीवर आपटत होते, आणि भिंतीवर आईचा फोटो हलत होता. मी कोपऱ्यात स्टुलावर चढले. मी ओरडले नाही. आयुष्यात एकदाच खरी वेळ आली आणि मला आवाज फुटला नाही.

बेनितो पाय घसरून खाली पडला. गोयोने कोयता डोक्यावर नेला. तेव्हा निकानोर हातोडा घेऊन मधे उभा राहिला आणि त्याचा उजवा खांदा किंचित खाली गेला.

मला वाटलं, गोयो गेला.

निकानोरने हातोडा खाटेवर ठेवला. रिकामा डावा हात पुढे केला, रस्त्यावर गाडी थांबवतात तसा. कोयता त्या हातावर आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट फरशीवर पडलं.

गोयो बोटांकडे बघत राहिला. कोयता अजून त्याच्या हातातच होता.

कोणीतरी मिर्ताला ओरडून बोलावलं असावं. ती गळ्यात शिवणाची टेप तशीच लटकवून आली. तिने हात बघितला.

"मारलंस का कोणाला?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"तूच म्हणाली होतीस ना, म्हातारे."

मिर्ताने टेप काढून त्याच्या मनगटावर करकचून आवळली आणि गाठ मारली. मग खाटेवरचा हातोडा उचलताना तिची नजर खाली कोंबलेल्या जळक्या गादीवर आणि जाळीवरच्या करपलेल्या कापसावर गेली. पहिला घाव गोयोच्या गळ्याखालच्या हाडावर बसला. वाळला ऊस मोडावा तसा आवाज झाला, कोयता खणकन पडला आणि त्यावर गोयो पडला. ती बेनितोकडे वळली.

"मी काय केलं, मिर्ता? मी तर..."

"गादी," मिर्ता म्हणाली.

बेनितोने डोकं खाली घेतलं. दोन्ही हातांनी हाणलेला हातोडा त्याच्या केसांवरून सरकन गेला आणि काळ्या घुमटाच्या कुशीत बसला.

पलीकडे सेनाईदाने ठोका ऐकला. तिने बटण दाबलं.

फ्रीजने भिंतीतल्या भिंतीत उडी मारली. गिलाव्याचा एक पोपडा पडला. आत बाटल्या किणकिणल्या. मग घरघर, एक आचका, आणि तो चालू लागला. एका संथ सुरात, आईच्या वेळी चालायचा तसा. रक्ताळलेले तिघे पुरुष आणि हातोडा धरलेली मिर्ता, सगळे नुसते ऐकत राहिले.

भिंतीपलीकडून सेनाईदा म्हणाली, "चाललं वाटतं. आता बोट काढू का?"

"काढ," निकानोर म्हणाला. "आणि बर्फ पाठव."

पोलिसांना तिघांनी एकच सांगितलं, डुक्कर कापताना लागलं. एवढं डुक्कर कुठलं, हे विचारणाऱ्याला एक तंगडी मिळाली. मुलीचा वाढदिवस झाला. गोयो हात गळ्यात बांधून एका टोकाला, बेनितो खांद्याला टाके घेऊन दुसऱ्या टोकाला. बोलले नाहीत. भिंतही तशीच राहिली. मात्र सेनाईदा तेव्हापासून रोज संध्याकाळी बर्फाचा ट्रे बेनितोच्या खिडकीत ठेवायला लागली.

बोटं जोडता आली नाहीत. इस्पितळातून आणल्यावर मिर्ता त्याला आठवडाभर शिव्या देत होती आणि चमच्याने भरवत होती. "इतका संत व्हायला कोणी सांगितलं होतं तुला? एक लावायची होतीस. एक."

"मग तू कामागुएला गेली असतीस."

"गेले असते," ती म्हणाली. "खा."

त्या डाव्या हाताने तारा नीट धरवत नाहीत आणि उजवा एकाच वेळी दोन कामं करत नाही. म्हणून आता ती दोघं मिळून जातात. तारा तो उजव्या हाताने जोडतो, झटकाही तोच देतो. मारायचं काम तिचं.

परवा माझा फ्रीज जाम झाला. निकानोर भिंतीला टेकून तारा जोडत बसला. मिर्ताने चष्मा कपाळावर ढकलला, दोन्ही हातांनी हातोडा उचलला, आणि तिचा उजवा खांदा किंचित खाली गेला.

"आता?" तिने विचारलं.

"थांब," निकानोर म्हणाला. "आता."