तीन रुपयांचा फरक

"जुळलं का?" असं विचारून सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि वही सोडून मुलाच्या तोंडाकडे बघायचे. उत्तर आधी तोंडावर दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

दिल्लीत मयूर विहारला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते अकाउंट्सची शिकवणी घ्यायचे. रुपयाचाही फरक त्यांना खपत नसे. "फर्क मतलब गलती. ढूँढो," एवढंच सांगायचे. काकू हसून म्हणायच्या, "आमची पत्रिका यांनी स्वतः दोनदा तपासली, त्यामुळे मला कुरकुर करायला जागाच नाही." अशी काटेकोर माणसं तुम्हीही पाहिली असतील. लांबून फार छान वाटतात.

गाझियाबादहून एक मुलगी यायची. सी.ए.च्या परीक्षेत तिला भाडेकराराचं गणित आलं. पुढच्या वर्षांच्या भाड्याची आजची किंमत काढायची, मग दरवर्षी व्याज मिळवून भाडं वजा करत शेवटी शिल्लक शून्यावर आणायची. तिचे तीन रुपये उरले. तिने पान खोडून पुन्हा मांडलं, पुन्हा तीनच. चूक शोधता शोधता वेळ संपला, पुढचे प्रश्न कोरे राहिले आणि ती थोडक्यात नापास झाली.

निकालानंतर ती प्रश्नपत्रिका घेऊन आली, तेव्हा मी सरांकडे चहाला बसले होते. सरांनी गणित करून बघितलं.

"गलती नहीं थी, बेटा. दशमलव के बाद हम तीन ही अंक लेते हैं, बाकी छोड़ देते हैं. इतना फर्क तो आता ही है."

"आपको मालूम था, सर?"

सरांनी नुसती होकाराची मान हलवली. ती प्रश्नपत्रिकेची घडी घालून निघून गेली.

"पहिल्यापासून माहीत होतं हो," सर मला म्हणाले. "एकदा सूट दिली की पोरं खऱ्या चुकाही तिच्यात ढकलतात. म्हणून सांगितलं नाही. माझ्या शिस्तीपायी पोरीचं वर्ष गेलं." त्यांचा चेहरा बघवेना. मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सगळ्या वर्गासमोर हात जोडले. त्या दिवशी ती मुलगी मात्र आली नव्हती. मग शिकवणी बंद झाली. ती मेट्रोने यायची म्हणून सर स्टेशनच्या रस्त्याने जाईनासे झाले.

शेवटी पुण्याला लेकीकडे जायचं ठरलं. मी सामान बांधायला गेले होते. बेल वाजली. सरांनी दाराच्या भोकातून पाहिलं आणि मागे सरले. "सांगा, घरी नाही."

दारात तीच मुलगी, पेढे घेऊन. "पास हो गई, आंटी."

"सर तो बाहर गए हैं," मी म्हणाले आणि शरमेने माझे कान तापले.

"अच्छा. उनसे कहिएगा, इस बार भी फर्क आया था. 'राउंडिंग का फर्क' लिखकर आगे बढ़ गई. उन्होंने ही बताया था ना."

मी दार लावलं. सर भिंतीला टेकून उभे होते, सगळं ऐकलेलं. मी तिने दिलेला पेढ्यांचा खोका पुढे केला. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.