सखूमावशीची चुंबळ

सखूमावशी पेशंटचा आधी कान बघायची, तोंड नंतर. शहापूरच्या आमच्या छोट्या रुग्णालयात ती ऑपरेशन थिएटरची मावशी होती. पेशंट टेबलावर आला की ही बाजूला वाकून, एक डोळा मिटून त्याच्या कानापासून छातीपर्यंत नजर टाकायची आणि कपाटातून चुंबळ काढायची. डोक्यावर हंडा ठेवायला बायका करतात तीच, जुन्या लुगड्याची, स्वच्छ उकळलेली. अशा चार होत्या. कुणाच्या डोक्याखाली कुठली, यात माझ्या पदवीला काही किंमत नव्हती.

मी नवी भूलतज्ज्ञ, मुंबईत शिकून आलेली. पूर्ण भूल दिली की माणसाचा श्वास थांबतो. तो चालवायला घशातून नळी घालावी लागते, आणि डोकं नीट ठेवलं नसेल तर नळीची वाटच दिसत नाही. पहिल्याच आठवड्यात मी ऐटीत तिची चुंबळ बाजूला सारली. दोनदा नळी चुकली. तेव्हा मावशीने पेशंटचं डोकं उचलून चुंबळ सरकवली. नळी गेली.

नंतर चहा देताना म्हणाली, "बाय, भाताच्या आवनीला खाचरात पानी कसं सारखं पायजे? तसा कान नि छाती एका पान्याला आली पायजे. मंग वाट आपसूक दिसते."

गंमत म्हणजे तिला स्वतःला मान जवळजवळ नव्हतीच. हनुवटी थेट पोलक्यावर. अशा माणसाच्या घशात नळीची वाट सापडणं सगळ्यात अवघड. मी चिडवायचे, "मावशी, तुमची भूल माझ्या वाट्याला येऊ नये हो!"

आली. पित्ताशयातल्या खड्यांनी तिला गाठलं. ठाण्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवते म्हटलं, तर म्हणाली, "तितं माजा कान कोन बघल?"

मी तिच्या खांद्यांखाली चादरी रचल्या, डोक्याखाली सगळ्यात मोठी चुंबळ दिली, वाकले, एक डोळा मिटला. मावशीने पडल्या पडल्या स्वतःचा कान चाचपला, मग छाती. "कान दोन बोटं खाली हाय." मी डोक्याखाली आणखी एक चादर घातली. "आता झालं. घाला, बाय. घाबरू नका."

भूल चढली, श्वास थांबला. मी बघितलं, तर वाट समोर होती. नळी पहिल्या खेपेला गेली आणि माझे डोळे भरून आले.

शुद्धीवर येताच घोगऱ्या आवाजात तिचा पहिला प्रश्न, "कितव्यांदा?"

"पहिल्यांदाच."

"मंग! चुंबळ कोनाची?"

यंदा ती काम सोडून आपल्या गावी, डोळखांबला गेली. तीन चुंबळी ठेवल्या, मोठी पिशवीत टाकली. मी म्हटलं, "अहो, तीच तर मला लागते."

"ती माज्या मापाची हाय. परत टेबलावर पडले तं घेऊन येन."

तिला पुन्हा कधी पडावं लागू नये, असं मनापासून वाटतं. आणि पडलीच, तर माझ्याच हाती.