बाबांनी टाकलेला सवाल

मी नोकरीसाठी ऐरोलीला निघाले तेव्हा वीर स्टेशनवर मला सोडायला बाबा आले होते. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथून महाडपर्यंत एसटी, पुढे रिक्षा, आणि सगळ्या वाटेत हा माणूस एक अक्षर बोलला नाही. एरवी चारशे माणसांपुढे तासन् तास गाणारा शाहीर तो! गाडी आली तेव्हा म्हणाले, "खिडकीजवळ बस, हवा लागंल." मग पुन्हा तेच, आणि गाडी हलल्यावर तिसऱ्यांदाही तेच. मला खिडकी मिळालीच नव्हती. पण मी मान डोलावली आणि दाराजवळच्या बाईच्या खांद्याआड रडून घेतलं.

आमच्याकडचे जे गेलात, विरारला, दिव्याला, कुणी दुबईलाही, आणि जे मागे राहिलात, त्या सगळ्यांना हे सांगायचं आहे. माझ्या अल्बमबद्दल उलटसुलट बरंच ऐकलं असेल, म्हणून माझ्याच तोंडून एकदा ऐका.

मी ऐरोलीला एका लॅबच्या काउंटरवर बसते. लोकांची नावं टाइप करायची, बाटल्यांवर स्टिकर लावायचे. रविवारी दुपारी कळव्याला निखिलच्या खोलीवर जायचं. भिंतींना गाद्या ठोकलेल्या त्या खोलीला तो स्टुडिओ म्हणतो. तो बीट बनवतो, मी रॅप करते. पहिल्यांदा त्याने विचारलं, "हे तू शिकलीस कुठे?" मी म्हटलं, "घरी." त्याला पटलं नाही. आता त्याला शक्ती-तुरा कसा समजावायचा? बाबा तुरेवाले. समोर शक्तीवाल्यांचा शाहीर, मध्ये ढोलकी, भोवती चाळ बांधून नाचणारे गडी. एका शाहिराने गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने तिथल्या तिथे, गाऊनच, जबाब द्यायचा. समोरचा काही खोटं गायला तर त्याला चारचौघांत धरायचं. पोरी तेव्हा बारीत, म्हणजे या सामन्यात, गात नसत. मी ढोलकीवाल्याच्या मागे बसून सगळं पाठ करायची. निखिलची ती मोठमोठी रॅप बॅटल मला काय घाबरवणार होती?

अल्बमची आठ गाणी झाली. त्यांतलं पाचवं महाडच्या पुराचं. माझा दादा तिथल्या एमआयडीसीत कामाला आहे आणि सुलभावहिनी नि तो बाजाराजवळ भाड्याने राहतात. पाणी शिरलं त्या सकाळी दादा कारखान्यात अडकला होता. खालच्या खोलीतली शेजारची आजी, जिला धड उभं राहता येत नाही, तिला वहिनीने पाठीवर घेतलं आणि छातीएवढ्या पाण्यातून वर गच्चीवर नेलं.

हे सगळं मी गाण्यात घातलं. फक्त वहिनीच्या जागी 'मी' घातला.

निखिल म्हणाला होता, "फर्स्ट पर्सनमध्ये कर, अंगावर येईल." आलं खरंच. गाण्याचा तुकडा आम्ही आधी नेटवर सोडला तर तो बघता बघता पसरला. एका चॅनेलवाल्या मुलाने मुलाखतीत विचारलं, "ताई, तू खरंच पाण्यात उतरलीस?" माझ्याकडे 'नाही' म्हणायला भरपूर वेळ होता. मी खाली बघून म्हणाले, "प्रसंगच तसा होता." त्याचे डोळे भरून आले. मला त्याच क्षणी माझी लाज वाटली, आणि तरी मी गप्प राहिले. लोक आपल्याला शूर समजतात ते फार गोड लागतं, खोटं कशाला बोलू?

बाबांचा फोन आला. म्हणाले, "गानं झ्याक हाय गो. श्वास कुठं तुटत नाय." मी फुलून गेले. मग म्हणाले, "पन त्या दिवशी पान्यात तू व्हतीस का?"

मी म्हटलं, "बाबा, रॅपमध्ये असं चालतं."

"आसंल. सवाल टाकलाय मी. जबाब कसा द्यायचा ते तुला ठाव हाय." आणि फोन ठेवला.

चार दिवस मी धुमसत होते. यांना काय कळतंय, असंही मनात आलं. अल्बम शुक्रवारी बाहेर यायचा होता. गाणं बदललं तर मुलाखतीत दडवलेलं उघडं पडणार आणि लोक तोंडावर खोटारडी म्हणणार. निखिल तर हातच जोडायला लागला. "तू कुठे डाका घातलायस? गाणं आहे ते!" पण लॅबमध्ये स्टिकर लावताना एकच गोष्ट डोक्यात फिरायची. दुसऱ्याच्या नावाचा स्टिकर बाटलीवर लागला तर आम्ही केवढा गहजब करतो.

शेवटी वहिनीला फोन लावला आणि पहिल्यांदा विचारलं, त्या दिवशी नेमकं काय झालं? एवढं गाणं लिहिलं, पण तिला कधी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "काय व्हायचंय? म्हातारी पाठीवर बसून मला शिव्या घालत व्हती. मिश्रीचा डबा खाली राह्यला म्हनून! मला हसू येत व्हतं आनि पान्याखालची पायरी दिसत नव्हती." मग घाबरून म्हणाली, "माझं नाव नको हां घालू. लोक काय म्हंतील?"

घातलं. गाणं पहिल्यापासून लिहिलं:

पाणी शिरलं महाडमध्ये, मी ऐरोलीत कोरडी,
मोबाइलवर 'कशी हायस?' इतकीच माझी उडी.
पाठ माझ्या वहिनीची, तिच्यावर आजी शेजारची,
मी नुसती गाणारी हाय, गोष्ट हाय ती सुलभाची.

पुढच्या कडव्यात मिश्रीचा डबा आला आणि गच्चीच्या जिन्याच्या, माझ्या अंदाजाने, बारा पायऱ्याही. मुलाखतवाल्या मुलाला मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. तो दुखावला. लोकांनी शिव्याही घातल्या, त्या मी वाचल्या. पण मिश्रीच्या डब्याला माणसं हसतात आणि पुढच्याच ओळीला गप्प होतात. असं मला मनाने रचून कधीच जमलं नसतं. निखिल पहिला टेक ऐकून म्हणाला, "हे आधी का नाही सुचलं तुला?" मी त्याला एक धपाटा घातला.

गौरीच्या दिवसांत वाडीवर गेले. दुपारी अंगणात बारी लागली होती. बाबांनी ढोलकीवाल्याला थांबवलं, ढोलकी स्वतःकडे घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ये." बस, एवढंच. मी रिंगणात उभी राहिले, बीटच्या जागी बाबांची ढोलकी, आणि पाचवं गाणं म्हटलं. वहिनी पुढेच बसली होती, पदर तोंडात धरून. गाणं संपल्यावर शक्तीवाल्यांचा म्हातारा शाहीर उठला. समोरच्याचे वाभाडे काढण्यात त्याची हयात गेली. त्याने माइक घेतला, बाबांकडे बघितलं आणि म्हणाला, "ह्या गान्याला आमचा सवाल नाय." बाबांनी मान खाली घातली. मग ढोलकीवर एक थाप दिली. मला एवढा अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता, माझा आणि त्यांचाही.

तेवढ्यात वहिनी ओरडली, "माझा हाय! जिन्याला बारा नाय, चौदा पायऱ्या हायत. चढल्ये मी!"

सगळं अंगण हसलं. मी ती ओळ पुन्हा म्हटली, चौदा पायऱ्यांची. अल्बममध्ये मात्र अजून बाराच आहेत.

घर कुठे, असं आता कुणी विचारलं की मला पत्ता सुचत नाही. ऐरोलीत मी चांगली रमले आहे, तिथेच राहीन. तिथे टाळ्या वाजवणारे पुष्कळ आहेत. पण मी गाताना चारचौघांत उठून "हे असं नाय" म्हणणारी माणसं फक्त त्या अंगणात बसतात. नवी ओळ लिहिली की मी आधी मनातल्या मनात त्यांच्यापुढे उभी राहते, मग माइकपुढे.