नाना उलटे येताहेत

माझी मुलगी सहा वर्षांची असताना फोनवर मान हलवून उत्तर द्यायची. शिरपूरहून माझे वडील विचारायचे, "जेवलीस का?" ही जोरजोरात मान डोलवायची आणि पलीकडे ते "हॅलो, हॅलो" करत बसायचे. आपल्याला दिसतं ते नानांनाही दिसतं, अशी तिची खात्रीच होती.

ती तिसरीत गेली त्या वर्षी नाना पहिल्यांदाच एकटे जळगावला आमच्याकडे आले. एरवी त्यांना आणायला तिचे बाबा जायचे, पण त्या दिवशी ते वरणगावला ड्यूटीवर होते. हायवेवरच्या स्टॉपला बसमधून उतरल्यावर नानांना रिक्षा नको होती. "पाच मिनिटांचा तर रस्ता," म्हणून ते हायवेवरून चालतच निघाले.

त्यांचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात भाकरीच्या पिठात होते. फोन मुलीने घेतला.

"नाना, पाण्याची टाकी दिसली ना? तिथून डावीकडे वळा."

थोड्या वेळाने पुन्हा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला. मागे सनई वाजत होती.

"आठे तं लगीन शे!" नाना कुठल्याशा लग्नमांडवातून म्हणाले. "लोक मला चहा देऊन राहिले!"

"असं कसं? मी रोज शाळेत जाताना टाकीपाशी डावीकडेच वळते!" ती रडकुंडीला आली. मग तिने विचारलं, "नाना, तुमचं तोंड कुठे आहे?"

"तोंड? जठे व्हतं तठेच शे!"

मी हसू दाबलं. चूक माझ्या लक्षात आली होती, पण ती तिलाच शोधू दिली. ती दाराकडे पाठ करून उभी राहिली, दोन पावलं चालली, सोफ्यापाशी वळली, थबकली आणि गिरकी घेऊन उलटी चालत आली.

"आई! मी घरातून जाते, नाना घराकडे येतात. नाना उलटे येताहेत!"

"मग आता त्यांना काय सांगशील?"

मला वाटलं, ती उजवीकडे वळायला सांगेल. मीही तेच सांगितलं असतं. पण तिने डोळे मिटले, बोट हवेत फिरवलं आणि म्हणाली, "नाना, आले तसेच टाकीपर्यंत परत या. आता तिथे वळायचंच नाही, सरळ पुढे या. मेडिकल आलं की डावीकडे."

मी पिठाच्या बोटांनी ओट्यावर रेघा ओढून पाहिल्या. तिचंच बरोबर होतं; उजवीकडे वळून नाना तिच्या शाळेत पोचले असते.

दहा मिनिटांत नाना दारात हजर झाले. हातात शेंगांची पिशवी, कपाळाला लग्नघरचं गंध. मुलीने वाकून नमस्कार केला आणि लगेच झाडाझडती सुरू केली, "डावीकडे वळलात ना? मेडिकलपाशीच ना?"

"बठ्ठं तू सांगं तसंच," म्हणत नानांनी सगळ्यालाच होकार दिला.

संध्याकाळी तिने वहीच्या पानावर रस्त्याचा नकाशा काढला. समोर बसलेल्या नानांना दाखवताना आधी कागद फिरवून सुलटा त्यांच्याकडे केला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नानांनी चष्मा लावून नकाशा पाहिला आणि म्हणाले, "टाकी तांब्यासारखी दिसते."

"तांब्याला शिडी असते का, नाना?"

यावर दोघांचं जेवणापर्यंत भांडण चाललं.