लाल पट्ट्यांची माशी

आमच्या कीटकशास्त्राच्या धंद्यात नव्या जातीला स्वतःचं नाव देणं निर्लज्जपणाचं समजतात. बायकोचं दिलं तर चालतं. अंदमानच्या एका बेटावरून मी रानमधमाश्या पकडून आणल्या होत्या. नागपुरात कूलरसमोर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि एक माशी पाहून खुर्चीतच उडालो. पोटावर लालभडक पट्टे! तिच्या साऱ्या नात्यागोत्यातल्या माश्यांचे पट्टे पिवळे. मी तिथल्या तिथे तिला बायकोचं नाव बहाल केलं.

चहा उकळेपर्यंत ही बातमी कामठीला तिच्या माहेरी पोचली. "मामेबहिणीच्या नवऱ्यानं तिले नुसता फ्लॅट घेऊन दिला," ती फोनवर आईला सांगत होती, "मले तं अख्खी जात भेटून राहिली!"

मग मी माश्यांचे फोटो माझ्या जुन्या सरांना पाठवले. त्यांचा फोन आला.

"काहून गा, विषाच्या बाटलीत हिले किती वेळ ठेवलं होतं?"

सायनाइडच्या बाटलीतून माशी मेली की लगेच काढायची, हे मी दरवर्षी वर्गात घसा फोडून सांगतो. पण त्या दुपारी बेटावरच्या लॉजवर मासळी-भात अंमळ जास्तच झाला होता.

"झोप लागली होती, सर."

"मग पिवळ्याचं लाल होईन नाही तं काय! माशी जुनीच आहे बाप्पा. नवी जात तं तू आहेस. पण ते दुसरी, काळी पाठवली ना, ते खरंच नवी दिसते."

बायकोला सांगताना मी काळीपासूनच सुरुवात केली.

"अवं, लाल गेली, पण काळी आहे. तुझं नाव तिला देतो. चमकते चांगली."

"करते काय ते?"

इथे कुठलाही शहाणा नवरा खोकला असता. मी खरं सांगितलं. "स्वतःचं घर बांधत नाही. दुसरीच्या घरात घुसून अंडं घालते, आणि तिचं पिल्लू तिथलं आयतं खातं."

"माह्या बाबांनी बांधलेल्या घरात आयते बसून," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही मले हे म्हणून राहिले?"

काळ्या माशीला मग बेटाचंच नाव द्यायचं ठरलं. प्रश्न उरला कामठीचा. बायकोनं फोन लावला, मी दाराआड कान देऊन उभा.

"आई, त्या माशीचं मी मोडलं वं. नाही, रूप चांगलं होतं. घराणं बरं नव्हतं."