बोटीवरची छत्री

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मला आठवावं लागत नाही. थोरल्या मामांचे. मामा चौथी शिकलेले. सुरतेजवळ बमरोलीत एका शेठच्या लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, ते मास्तर होते; माग बिघडला की उघडायचा आणि पुन्हा चालता करायचा, हे त्यांचं काम. खानदेशातल्या आमच्या गावचा जो कोणी सुरतेला आला तो आधी मामांच्या खोलीत उतरला आणि मग मामांच्या शब्दावर खात्यात लागला. सुट्टीत मीही जायचो, पण मला त्यांनी मागाजवळ उभं राहू दिलं नाही. "भाचा, लूमले हात लावू नको. तू शिक," एवढंच म्हणायचे. मी शिकलो. तालुक्याच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, घराण्यातला पहिला. निकालाच्या दिवशी मामांनी खात्यात पेढे वाटले, आणि फिजिक्स म्हणजे काय, असं ज्यानं विचारलं त्याला सांगितलं, "सगळं."

त्या 'सगळं'मुळे मी बोटीवर पोचलो.

नव्वद सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. परदेशी चॅनेल नुकते आकाशातून उतरायला लागले होते आणि सुरतेच्या गच्च्यांवर पापड वाळत घालावेत तशा डिश अँटेना पसरत होत्या. लोक त्यांना छत्री म्हणत. कतारगामच्या एका दुकानात मी त्या छत्र्या बसवण्याच्या कामाला होतो. दुकानाच्या मालकानं मला 'टेक्निशियन' हा हुद्दा दिला होता आणि शिडी मलाच उचलायला लावत होता.

मामांचे शेठ त्या सुमाराला सिंगापूरला जाऊन आले. तिथं त्यांनी श्रीमंत लोकांना बोटीवर बसून काहीही न करताना पाहिलं आणि ते दृश्य त्यांच्या मनात भरलं. आल्याबरोबर त्यांनी मुंबईहून एक जुनी लाँच विकत घेतली, तिला पांढरा रंग दिला, आत सोफे, आरसे आणि एक झुंबर बसवलं आणि मगदल्ल्याच्या धक्क्याला बांधली. बाजूला मच्छीमारांच्या होड्या असत. शेठ पक्के शाकाहारी, म्हणून धक्क्यावर रोज सकाळी गुलाबपाणी शिंपडलं जाई. मासळीवर त्याचा काही परिणाम होत नसे.

बोटीमागे एक हेतू होता. शेठच्या मुलासाठी मुंबईच्या एका घरातली मुलगी सांगून आली होती. मुंबईचे लोक, त्यांना बंगला, गाडी, मार्केटमधली दुकानं दाखवून काय उपयोग? शेठनी ठरवलं की एका रविवारी पाहुण्यांना बोटीत बसवायचं, तापीच्या मुखापर्यंत न्यायचं आणि बोट चालू असताना आत सॅटेलाइट टीव्हीवर क्रिकेटचा सामना दाखवायचा. असं मुंबईत कुणाकडे आहे, असं ते भेटेल त्याला विचारत.

छत्रीचं कुणाला कळतं का, हे त्यांनी एकदा खात्यातही विचारलं, आणि मामांनी छाती पुढे काढून माझं नाव सांगितलं. शेठ म्हणाले, ठीक आहे, तुझा शब्द. मग मामा पुतणीच्या लग्नासाठी गावी गेले. लग्न उरकून, घराचं छप्पर शाकारून महिन्याभरानं येणार होते. जाताना मला एवढंच म्हणाले की गावातली दोन पोरं खोलीवर येऊन थांबलीत, शेठ खूश झाले की त्यांना लावू.

आठ फुटी जाळीची छत्री आम्ही बोटीच्या टपावर बसवली. बोट धक्क्याला बांधलेली होती. मी होकायंत्र धरलं, आग्नेयेकडे तोंड केलं, वर-खाली करून बोल्ट आवळले, आणि खाली टीव्हीवर असं चित्र आलं की खेळाडूच्या मिशीतला केस मोजावा. शेठनी बोटीसाठी आणलेला नारळ टीव्हीपुढे फोडला. मग त्यांनी खलाशाला बोट सोडायला सांगितली. बोटीनं धक्का सोडला, तोंड वळवलं, आणि ते पुरतं वळण्याच्या आत पडद्यावर मुंग्या.

शेठ टपाखाली येऊन उभे राहिले. "आकाश तो अहींयां पण एज छे ने?"

आकाश तेच होतं, हे मला नाकारता येईना. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांब होतं. दुकानाचा मालक अनुभवी माणूस. तो बोटीत चढलाच नव्हता, काठावरूनच हात हलवत होता.

मग बोट वळेल तशी छत्री हातानं फिरवायची असं ठरलं. मी टपावर बसून छत्रीला मिठी मारली. खाली दारात शेठचा मुलगा, म्हणजे होणारा नवरदेव, उभा. तो ओरडायचा, "आव्युं!" आणि मी श्वास रोखायचो. लगेच, "गयुं!" घराघरांत दूरदर्शनचा अँटेना फिरवताना जे चालायचं तेच हे, फक्त इथं घरही फिरत होतं. त्यात समुद्राकडून वारा सुटला. छत्रीत वारा भरला आणि बोट आडवी होऊन मच्छीमारांच्या जाळ्यांकडे निघाली. खलाशी सुकाणूला लटकून मला म्हणाला, "सढ तो सरस बांध्यो, भाई." सढ म्हणजे शीड. शीड छान बांधलंस, असं तो म्हणत होता. मी पदवीधर असल्यामुळे त्याला उत्तर दिलं नाही.

धक्क्यावर परत आल्यावर मी शेठना शास्त्र समजावलं. समोर नाश्त्याची बशी होती. नानखटाई ही पृथ्वी, शेंगदाणा हा उपग्रह. शेंगदाणा पृथ्वीबरोबर त्याच गतीनं फिरतो, म्हणून आपल्याला तो आकाशात एकाच जागी दिसतो, आणि छत्रीनं नेमकं त्याच जागेकडे बघत राहायला हवं. बोट जराशी वळली तरी नजर चुकते. म्हणून सामना बघायचा तर बोट हलता कामा नये. शेठनी सगळं शांतपणे ऐकलं आणि ऐकता ऐकता पृथ्वी खाल्ली. मग म्हणाले की बांधून ठेवायला त्यांच्याकडे बंगला आहे, बोट त्यांनी चालवायला घेतली आहे. उठताना पुढचं बोलले, तेही आवाज न चढवता. "तारा मामाने लखी नाख. रविवारे पिक्चर ना आवे तो तमारा गामनो एक पण छोकरो मारा खातामां नहीं."

त्या रात्री मी मामांना पत्र लिहिलं नाही. लिहायचं काय? वीस वर्षं मामांच्या शब्दावर गावातली घरं चालली होती. कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाच्या बापाचं ऑपरेशन, सगळं त्या खात्यातून गेलेलं. आणि तो शब्द आता माझ्या छत्रीवर टांगलेला. खोलीवरची ती दोन पोरं सकाळी मी उठलो की स्टोव्हवर चहा ठेवत आणि माझ्याकडे न बघता विचारत, "काय भाऊ, चित्र उनं का?" आलं का, एवढंच. त्यातला एक दहावीची फी भरलेली असताना शाळा सोडून आला होता.

रविवारच्या दोन दिवस आधी शेठनी वास्तुपंडिताला बोलावलं. सोयरीक जुळायची जागा, तेव्हा बघून घेतलेली बरी. पंडित सुरतेतले नाणावलेले. त्यांनी मार्केटमधल्या कित्येक दुकानांचे दरवाजे हलवले होते आणि त्यामुळे बरीच भरभराट झाली होती, निदान सुतारांची. रेशमी रुमालात गुंडाळलेलं होकायंत्र काढून ते बोटीच्या मध्यभागी उभे राहिले. इथं अग्नीची दिशा, इथं जनरेटर चालेल, इथं मुलीच्या वडिलांनी बसावं, असं सांगत होते. तेवढ्यात भरतीचं पाणी चढलं, खलाशानं दोर सैल सोडला, आणि बोट धक्क्यापासून हळूच फिरली. पंडितांनी अग्नीची दिशा सांगून पूर्ण होईपर्यंत ती नैर्ऋत्य झाली होती. त्यांनी होकायंत्राकडे पाहिलं, झुंबराकडे पाहिलं आणि मग वर, टपावर माझ्याकडे पाहिलं. माझ्याही हातात होकायंत्र होतं.

ते शिडीनं वर आले. धोतर सावरून माझ्याजवळ बसले आणि हळू आवाजात विचारलं, मलाही हीच अडचण आहे का. मी म्हटलं, हीच. शेठना काय सांगितलंस? मी म्हटलं, बोट हलवू नका असं सांगितलं, ऐकत नाहीत. आणि का ते सांगितलंस? मी नानखटाईचं सगळं सांगितलं. पंडितांनी माझ्याकडे खऱ्या कणवेनं पाहिलं.

"तमे कारण आप्युं," ते म्हणाले. "एमां बगड्युं."

कारण दिलंस, त्यातच बिघडलं. तीन वर्षं फिजिक्स शिकताना हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं.

पंडित खाली गेले. झुंबराखाली उभं राहून त्यांनी निर्णय सांगितला. बोट चालते तेव्हा ती वाहन असते आणि बांधलेली असते तेव्हा वास्तू. वाहनात ठरलेलं लग्न कधी एका जागी टिकत नाही. रविवारी बोटीला चारी दिशांनी बांधा, आणि सोयरीक पक्की होईपर्यंत तिचं तोंड तसूभर वळू देऊ नका. शेठनी हात जोडले. एक प्रश्न विचारला नाही. तासाभरात चार नवे जाडजूड दोर आले, चिखलात खुंट ठोकले गेले, आणि सिंगापूर बघून घेतलेली बोट गोठ्यातल्या म्हशीसारखी उभी राहिली. मी छत्री पुन्हा नेमकी केली. चित्र आलं. शेठनी पंडितांच्या पायाला हात लावला.

एक गोष्ट पंडितांच्या शास्त्रात नव्हती, ती म्हणजे ओहोटी. त्यांनी काढलेला मुहूर्त दुपारचा होता आणि दुपारनंतर पाणी उतरणार होतं. खलाशानं तसं सांगितलं. शेठ म्हणाले, मुहूर्त म्हणजे मुहूर्त.

रविवारी पाहुणे आले. मुलीचे आई-वडील आणि मुलगी. मी टपावर पाना घेऊन बसलो होतो. पाहुण्यांसमोर 'आव्युं-गयुं' ओरडणं शोभलं नसतं, म्हणून खूण ठरली होती: चित्र गेलं की शेठनी एकदा खोकायचं, आलं की दोनदा. आत उजेडानं पडदा दिसेना म्हणून खिडक्यांचे सगळे पडदे ओढून घेतले. तेवढ्या मोठ्या तापीवर, भर दुपारी, ती मंडळी अंधारात टीव्ही बघत बसली. मुलीनं एकदा नदी बघायला पडदा बाजूला केला, तर तिच्या आईनं तिला तो लावायला लावला. खेळाडू दिसेनासे झाले होते.

पाणी उतरलं आणि बोट चिखलावर टेकली. मग हळूहळू कलू लागली. खालून खोकला आला. मी बोल्ट सैल केला, पाचर सारली, छत्री उचलली. दोन खोकले. पुन्हा कलली, एक खोकला. बोट एका अंगावर जात होती आणि मी तिच्या टपावर छत्री आभाळाशी सरळ ठेवत उलट्या अंगाला जात होतो. आत टीव्हीही कलला होता आणि माणसंही कलली होती, त्यामुळे चित्र कुणालाच वाकडं दिसलं नाही. खमण बशीतून घरंगळून विहिणीच्या मांडीवर गेलं. सामना रंगात होता. कुणी उठलं नाही.

मात्र विहिणीला खोकल्याची काळजी वाटायला लागली. मुलगी द्यायची होती. तिनं विचारलंच, हा खोकला केव्हापासून आहे? त्यावर शेठ म्हणाले, "लूमनी धूळ, बेन. आखी जिंदगी खातामां काढी."

मी वरून ऐकलं. शेठ खात्यात येत ते महिन्याकाठी एकदा, नाकाला रुमाल लावून. तो खोकला त्या खात्यात खरोखर होता. मामांच्या छातीत होता, रात्री त्यांना भिंतीला टेकून बसवणारा. शेठनी कापड घेतलं होतं, आता खोकलाही घेतला. विहीणबाईंचे डोळे भरून आले, म्हणे, कष्टाची माणसं आहेत. सोयरीक तिथंच पक्की झाली.

सामना संपला. मुलीचे वडील निघताना म्हणाले की मुंबईत त्यांच्या बिल्डिंगमध्ये चित्र हलतं, आणि इथं पाण्यावर किती स्थिर. मग त्यांनी बाहेर पाहिलं तर पाणी नव्हतं. फळीवरून त्यांना एकेक करून चिखलात उतरवलं. विहिणीची एक चप्पल आजही तिथंच असेल. पंडितांना शाल मिळाली. शेठ टपाखाली आले, मला म्हणाले, "ग्रॅज्युएट, उतर हवे," म्हणजे आता उतर, आणि खात्यात काय करायचं ते सांगितलं. त्याच संध्याकाळी मी मामांना लिहिलं. ते पत्र मामांनी जपून ठेवलं होतं, म्हणून ते इथं जसंच्या तसं देतो.

"तीर्थस्वरूप मामांस, भाच्याचा साष्टांग नमस्कार.

अक्षर मोठं काढलं आहे, सावकाश वाचावं. आज रविवारी चित्र आलं आणि सामना संपेपर्यंत राहिलं. तुमचा शब्द राहिला. दोन्ही पोरं उद्यापासून खात्यात लागतील.

शेठना आणखी चार-पाच जण हवे आहेत, तेही लगेच. कारण असं की चित्र वास्तूमुळे आलं अशी त्यांची खात्री झाली आहे. आता पंडित खातं बघणार आहेत. सगळ्या लूमची तोंडं दक्षिणेला आहेत, ती उत्तरेला फिरवायची असं आजच ठरलं. फिरवायला माणसं पाहिजेत, म्हणून आपल्या गावची मागवली.

मी शेठना काही बोललो नाही. लूम फरशीत पक्के बसवलेले आहेत, पट्ट्यांनी त्यांना चालवणारा वरचा दांडा एका बाजूनंच फिरतो, हे त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही येईपर्यंत एकही बोल्ट काढायचा नाही, असं मी पोरांना बजावलं आहे. नुसते पाने घेऊन फिरत राहतील. हजेरी लागेल.

छप्पर दुसऱ्या कुणाला सांगा आणि लवकर निघा. येण्याआधी तालुक्याच्या डॉक्टरांना छाती दाखवा, हे विनंतीनं सांगतो. पोरांच्या घरी एवढंच सांगा की काम मिळालं. कशानं मिळालं ते सांगू नका, त्यांना खरं वाटणार नाही. मामींना नमस्कार.

आपला,
भाचा"